मुलगा बोलत नाही, खासगी स्पीच थेरपी लावावी का? मांजलपूरच्या एका आईला उत्तर

ताई, आधी तुमचाच प्रश्न परत सांगते, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही ते तुम्हालाच कळेल. मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा. आठ-दहा शब्द बोलतो, बाकी सगळं हात धरून ओढत नेऊन. घरात मराठी, सोसायटीत आणि कामाच्या मावशींशी गुजराती, टीव्हीवर हिंदी, आणि जूनपासून इंग्रजी नर्सरी. सासूबाई म्हणतात, "याचा बापही साडेतीन वर्षांचा झाल्यावर बोलायला लागला." एका सेंटरने आठवड्याचे पाच दिवस, तीन महिन्यांचे पैसे आधी, आणि घरात आजपासून फक्त इंग्रजी, असं सांगितलंय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की उत्तरायणाला गच्चीवर पतंग कापल्यावर तो 'काप्यो' ओरडायला शिकला, तो त्याच्या शब्दांत धरायचा का, कारण तो गुजराती आहे.

थेरपी लावा, वाट बघू नका. त्या सेंटरला मात्र पैसे देऊ नका, निदान आज तरी. आणि 'काप्यो' धरायचा, अगदी नक्की धरायचा.

आता सविस्तर. मी बावीस वर्षं बडोद्यात स्पीच थेरपीचंच काम करतेय, त्यातली सोळा स्वतःच्या दोन खोल्यांत. म्हणजे मीही खासगीवालीच. पुढे खासगी सेंटरांबद्दल जे लिहिलंय ते त्याच धंद्यात बसून लिहिलंय, हे लक्षात ठेवून वाचा.

वाट बघू नका असं का म्हणते? दोन वर्षांच्या मुलाकडे पन्नासच्या आसपास शब्द असावेत आणि 'बाबा गेला', 'दूध नको' अशा दोन-दोन शब्दांच्या जोड्या सुरू झालेल्या असाव्यात, असा आमचा ढोबळ हिशेब असतो. तुमचा मुलगा त्याच्याही आठ महिने पुढे आहे. सासूबाई खोटं सांगत नाहीत, पण त्या गोष्टीचा अर्थ त्या लावतात त्याच्या उलट आहे. घरात कोणी उशिरा बोललं असेल, तर मुलाला बोलायला त्रास होण्याची शक्यता वाढते. म्हणजे तो दिलासा नसून लवकर तपासून घ्यायचं एक कारण आहे. 'मुलगे उशिराच बोलतात' हेही तसंच. मुलगे मुलींच्या मागे असतात ते सरासरी महिना-दोन महिने. वर्षभर नव्हे.

उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात, हे खरं आहे. अडचण एवढीच की त्यातलं कोणतं येईल हे आज छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. अंदाज बांधायला काही खुणा असतात: त्याला समजतं किती, तो हातवारे किती करतो, खेळतो कसा. 'चप्पल आण' म्हटलं की आणतो असं तुम्ही लिहिलंय. छान. पण तेव्हा तुमचं बोट किंवा नजर चपलेकडे असते का? आज संध्याकाळी हात मागे बांधून, दुसरीकडे बघत, "बाबांची चप्पल आण" असं सांगून बघा. बरेच आईबाप इथे चकित होतात. मूल शब्द नाही, आपला चेहरा वाचत असतं.

दुसरी खूण बोटाची. हवी ती वस्तू बोटाने दाखवून मूल वळून तुमच्या तोंडाकडे बघतं का? विमान दिसलं की 'तू पण बघ' म्हणून दाखवतं का? की तुमचा हात पक्कडीसारखा धरून डब्यावर नेऊन ठेवतं आणि तुमच्याकडे बघतही नाही? नावाने हाक मारल्यावर वळतं का? शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं काळजीची असतील, तर स्पीच थेरपिस्टबरोबरच विकासात्मक बालरोगतज्ज्ञांनाही दाखवायचं. त्यात ऑटिझम हा शब्द निघू शकतो. घरी बसून निदान करू नका, पण त्या शब्दाच्या भीतीने एक वर्षही घालवू नका. असं वर्ष घालवून आलेल्या आया मी पाहिल्यात. त्या स्वतःलाच फार बोलतात.

आता सगळ्यात आधीचं काम: कान.

"त्याला ऐकू येतं हो, शेजारच्या खोलीत वेफरचं पाकीट फोडलं तरी धावत येतो." हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याची मोजदाद नाही. ताई, ऐकू येणं हे दिव्याच्या बटणासारखं नसतं की एक तर चालू नाही तर बंद. आवाज जाड असतात, बारीक असतात. 'आ', 'ऊ', 'म', 'ब' हे जाड आवाज. 'स', 'श', 'फ' हे बारीक आणि हलके. एखाद्या मुलाला जाड आवाज व्यवस्थित ऐकू येतात, त्यामुळे ते हाकेला ओ देतं, दार वाजलं की बघतं, गाण्यावर नाचतं. आणि बारीक आवाज मात्र त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. त्याच्या कानी आपली भाषा भोकं पडलेल्या कापडासारखी येते. जन्मल्यावर हॉस्पिटलात कानाची तपासणी 'पास' झाली होती, एवढ्यावरही थांबू नका. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे चिकट पाणी साठतं आणि ऐकणं कमी होतं. कधी जास्त, कधी कमी, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. वाटतं की हट्टी आहे, मनात असेल तेव्हाच ऐकतो.

माझ्या हातून हे चुकलंय. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी एक पावणेतीन वर्षांची मुलगी आली. आई म्हणाली कान तपासलेत, आणि मी रिपोर्ट मागितला नाही. अडीच महिने थेरपी केली. ती 'पाणी'ला 'आनी' म्हणायची, मी घासून घासून 'प' करून घेत होते. एका दिवशी ती सर्दीने बेजार होती, मी तोंडासमोर कागद धरून बोलले आणि तिने मागे वळून आईकडे पाहिलं, मी काय म्हणाले ते विचारायला. त्याच आठवड्यात तपासणी झाली. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी होतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी उपचार केले आणि पुढच्या दोन महिन्यांत ती जेवढं शिकली त्याचं श्रेय माझं नव्हतं. अडीच महिन्यांची फी मी परत केली. तेव्हापासून रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय मी खुर्चीवर बसवत नाही. तुम्हाला भेटणारा थेरपिस्ट पहिल्या भेटीत कानाचा विषय काढत नसेल, तर तुम्ही काढा.

तपासणीत बहुधा तीन गोष्टी होतात. टिंपॅनोमेट्रीत पडद्याची हालचाल कळते. ओएईत आतल्या कानाचा प्रतिसाद कळतो. आणि बेरा, त्यात कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा प्रतिसाद पाहतात. बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं. गंमत अशी की सांगितल्याप्रमाणे आई त्याला रात्री उशिरापर्यंत जागवते, पहाटे उठवते, आणि ते स्कूटरवर मांडवीपासून अलकापुरीपर्यंत येताना गाढ झोपून क्लिनिकच्या पायरीवर टक्क जागं होतं. म्हणून येताना मागे बसून कुणीतरी त्याच्याशी बडबड करत राहायचं आणि दुधाची बाटली तिथे पोचल्यावरच काढायची. झोपेचं औषध द्यावं लागलंच तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घरून पाजून नाही.

कान ठीक निघाले असं धरून पुढे.

तुमचा मुलगा आठवड्यात साधारण ऐंशी तास जागा असतो. मी त्याला आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तास बघितलं तर ते झाले दीड तास. पाच दिवस बोलावणारे बघितले तर पावणेचार. बाकीचा आठवडा तो तुमच्याबरोबर, आजीबरोबर आणि मावशींबरोबर असतो. त्यामुळे खासगी थेरपीत तुम्ही पैसे मोजता ते खरं म्हणजे तुमच्या शिकवणीचे. मुलाची शिकवणी घरी होते.

हे मला पहिल्या दिवसापासून कळलेलं नव्हतं. सुरुवातीला मीही आयांना बाहेरच्या बाकावर बसवायची. मुलं आईसमोर रडतात, हट्ट करतात, काम होत नाही. एका मुलाला मी चित्रांच्या पत्त्यांवर चाळीस शब्द शिकवले. त्याच्या आईला मोठ्या अभिमानाने दाखवले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, हा शहामृग म्हणतो. पण भूक लागली की अजून जमिनीवर डोकं आपटतो." त्यानंतर माझ्या खोलीत दुसरी खुर्ची आली.

तुम्ही आत बसलात तर काय दिसायला हवं ते सांगते. साबणाचे फुगे घ्या, सगळ्या थेरपिस्टांकडे ती बाटली असते. नवशिकी थेरपिस्ट फुगे उडवते आणि विचारते, "हे काय आहे? बोल फुगा. बोल, बोल ना." मूल तोंड फिरवतं. जाणकार थेरपिस्ट एक फुगा उडवते, मूल तो फोडतं, ती म्हणते, "फुटला!" पुन्हा उडवते, "फुटला!" मग काडी तोंडाजवळ नेते आणि थांबते. भुवया वर. मनात पाचपर्यंत मोजते, कधी दहापर्यंत. ही शांतता आईला असह्य होते, आई मागून म्हणते, "बोल बेटा." थेरपिस्ट हात करून तिला गप्प करते. मूल काडीकडे बघतं, मग तिच्याकडे बघतं, आणि 'उ' असा काहीतरी आवाज काढतं. तिला तेवढा पुरतो. "उडव! उडव फुगा!" आणि फुगे उडतात. त्याच्या आवाजाने जग हललं हे त्याला कळलं, तेवढ्यासाठी ती एवढा वेळ थांबली होती. 'फुगा' हा शब्द नंतर येतो.

घरी हेच करायचंय, आणि त्यासाठी एकही खेळणं विकत आणायला नको. सध्या तुरीच्या ओल्या शेंगा येताहेत. दुपारी सासूबाई उंधियोसाठी शेंगा सोलायला बसतील, तेव्हा त्याला समोर बसवा. एक शेंग त्याच्या हातात. उघडता येत नाही म्हणून तो आजीपुढे धरणार. आजीने घाई करायची नाही, त्याच्याकडे बघायचं, थांबायचं. मग "उघड" म्हणत उघडायची. "दाणा." "टाक." पातेल्यात टप्पकन. "अजून?" पुन्हा शेंग. "उघड." शेवटी टोपली उपडी करून, "संपलं!" त्या अर्ध्या तासात 'उघड' हा शब्द त्याच्या कानावर चाळीस-पन्नास वेळा पडतो, प्रत्येक वेळी हात तेच काम करत असताना. मी फीमध्ये एवढी पुनरावृत्ती देऊ शकत नाही. आजींना थेरपीबद्दल शंका आहे ना? त्यांना वाद घालून पटवू नका. त्यांच्याकडे हे काम द्या.

आपली भाषा या कामाला फार सोयीची आहे, याकडे कोणी लक्ष देत नाही. दे, घे, ये, जा, खा, पी, ने, बस, ऊठ. रोज लागणारी क्रियापदं एका अक्षरात, फार तर दोन. ओठ आणि जीभ अजून कच्ची असलेल्या मुलाला 'दे' म्हणायला काय लागतं? मी पहिल्या महिन्यात रंग, आकडे, प्राणी, फळं यांना हातही लावत नाही. लाल-पिवळा म्हणता येऊन कुठल्या मुलाला पाणी मिळालंय? सुरुवात करायची ती दे, नको, अजून, संपलं, ये यांपासून.

आणि शब्द आला की त्यावर एक शब्द चढवायचा. तो "गाडी" म्हणाला, तुम्ही "मोठी गाडी" म्हणा. पुढच्या वेळी "गाडी गेली." त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं नाही, फक्त त्याच्या कानात टाकायचं. वाघोडिया रोडच्या एका मुलाचं पहिलं दोन शब्दांचं वाक्य असंच, बेत न आखता आलं. ऐन मेमध्ये रात्री वीज गेली. आई रोज असं झालं की "लाईट गेली" म्हणायची. त्या रात्री ती अंधारात मेणबत्ती शोधत होती, आणि पाळण्यातून आवाज आला, "लाई गई." आई दुसऱ्या दिवशी आली ती थोडी हिरमुसून, कारण 'गेली' न म्हणता 'गई' म्हणाला, शेजारच्या बेनचं ऐकून. मी म्हटलं, दोन शब्द म्हणजे दोन शब्द. पेढे आणा.

यावरून भाषेचा मुद्दा. घरात फक्त इंग्रजी बोला हा सल्ला चुकीचा आहे आणि मला त्याची चीड येते. दोन किंवा तीन भाषा कानावर पडल्याने मूल बोलायचं थांबत नाही. बोलण्याचा दोष असलेलं मूल एका भाषेत वाढलं तरी त्याला तो असतोच. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांतली मुलं आईशी मराठी आणि दुकानदाराशी गुजराती बोलत मोठी झालीत. शब्द मोजताना सगळ्या भाषांची एकत्र बेरीज करायची. 'पाणी' तिन्ही भाषांत आहे, तो एकदाच मोजा. 'काप्यो' मोजा. 'बा' म्हणून आजीला हाक मारत असेल तर तोही मोजा.

घरात इंग्रजी लादलं की काय होतं ते मी पाहिलंय. आजी गप्प होतात. आई 'कम', 'सिट', 'ईट', 'नो' एवढ्यावर येते, कारण रागावणं, लाड, गोष्ट, टोमणा हे सगळं तिच्याकडे मराठीत आहे. मुलाच्या कानावर पडणारी भाषा निम्म्याने आटते, तीही नेमकी ज्या वर्षी जास्त हवी असते त्या वर्षी. तुम्हाला जी भाषा विचार न करता बोलता येते ती बोला. थेरपिस्ट गुजराती किंवा हिंदी बोलणारी असली तरी चालेल. तिने या आठवड्याचे शब्द ठरवून द्यायचे, तुम्ही ते घरी मराठीत करायचे.

नर्सरीची घाईही सोडा. 'इतर मुलांत टाका, आपोआप बोलेल' हे थोडंच खरं आहे. पंचवीस मुलं आणि एक बाई असलेल्या वर्गात न बोलणारं मूल शहाण्यासारखं कोपऱ्यात बसतं आणि सगळे म्हणतात किती गुणी आहे. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात. तुमच्याकडे अजून साडेतीन वर्षं आहेत. पाठवायचंच असेल तर मुलं कमी आणि वेळ कमी अशा ठिकाणी पाठवा, भाषा कोणतीही असो.

आता त्या सेंटरबद्दल, आणि एकूणच खासगी सेंटर कसं पारखायचं त्याबद्दल.

भिंतीवरची प्रमाणपत्रं वाचायला लाजू नका. आपल्याकडे हा व्यवसाय करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, १९९२ च्या कायद्याने. नोंदणी क्रमांक असतो, त्याला सीआरआर नंबर म्हणतात, आणि नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. विचारा, "तुमचा सीआरआर नंबर काय?" खरा थेरपिस्ट या प्रश्नाने दुखावत नाही. पदवी बीएएसएलपी असते, इंटर्नशिप धरून चार वर्षांची, आणि पुढची एमएएसएलपी. डीएचएलएस हा एका वर्षाचा डिप्लोमाही आहे. ते लोक सहायक म्हणून चांगलं काम करतात, पण तुमच्या मुलाची तपासणी आणि आखणी पदवीधराने करायला हवी. मोठ्या सेंटरांत अनेकदा असं होतं की पहिल्या दिवशी मॅडम भेटतात आणि दुसऱ्या दिवसापासून कोणी वेगळीच ताई येते. कोण घेणार, ते आधीच विचारून ठेवा.

आगाऊ पैसे. महिन्याचे मागितले तर समजू शकते, वेळ राखून ठेवावी लागते. तीन महिन्यांचे कशाला? पहिल्या चार-पाच भेटींत थेरपिस्टला मूल कळतं आणि तुम्हाला थेरपिस्ट कळते. जमलं नाही तर निघता आलं पाहिजे. आणि पाच दिवस हा आकडा मूल बघण्याआधी ठरला असेल, तर तो मुलासाठी ठरलेला नाही. काही मुलांना जास्त भेटी लागतात हे मान्य, पण ते तपासणीनंतर ठरतं, आणि कारण सांगून ठरतं. तुमच्या मुलासारख्याला मी आठवड्यातून दोनदा बोलावते, दीड-दोन महिन्यांनंतर आठवड्यातून एकदा, आणि मध्ये घरून दोन मिनिटांचा व्हिडिओ मागवते. माझी फी पाऊण तासाला पाचशे आहे. शहरात याहून कमी घेणारे आहेत आणि दुप्पट घेणारेही आहेत, आणि फी व काम यांचा मेळ असतोच असं नाही.

जिभेला लावायची थरथरती यंत्रं, शिट्ट्या, गाल फुगवायचे व्यायाम, तोंडाचा मसाज, यावर सेशनचा बराचसा वेळ जात असेल तर विचारा की याने शब्द कसा येणार. न बोलणाऱ्या मुलाला गाल फुगवायला शिकवलं की ते गाल फुगवायला शिकतं. आणि 'तीन महिन्यांत बोलेल, गॅरंटी' असं कोणी म्हणालं की चप्पल घाला.

पहिल्या एक-दोन भेटींनंतर कागदावर लिहून मागा: पुढच्या तीन महिन्यांत काय बदल दिसायला हवा. 'बोलण्यात सुधारणा' असं नको. 'हवी ती वस्तू मागायला दिवसातून दहा वेळा शब्द किंवा खूण वापरेल', 'पाच क्रियापदं स्वतःहून', असं काहीतरी जे तुम्हालाही मोजता येईल. तीन महिन्यांनी तो कागद काढून समोर ठेवा. काहीच हललं नसेल तर आखणी बदलायला हवी, नाही तर थेरपिस्ट. आणि हललं असेल तर भेटी कमी व्हायला हव्यात. दोन-दोन वर्षं त्याच वेगाने, त्याच पत्त्यांवर चाललेली थेरपी मी पाहिलीय. तिथे कोणी कोणाला विचारतच नाही.

पैशाची ओढाताण असेल तर सरकारी सोय विसरू नका. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते, आणि पुढच्या तपासण्या व उपचारांसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाची केंद्रं आहेत. अंगणवाडीतून किंवा सरकारी दवाखान्यातून तिथली चिठ्ठी मिळते. गर्दी असते, भेटी लांब पडतात. पण तपासण्या तिथे आणि महिन्यातून दोन भेटी खासगीत, असं करून उत्तम काम झालेली घरं मला ठाऊक आहेत. तपासणीत ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीसारखं काही निघालंच, तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची, आणि त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो.

तुम्ही चार ओळींत विचारलेलं बाकीचं, भराभर. जीभ खालून चिकटलेली आहे म्हणून बोलत नाही का? तो जीभ बाहेर काढून ओठ चाटतो ना, मग बहुतेक नाही. चिकटलेल्या जिभेने एखादा उच्चार बिघडेल, शब्दच नसणं त्यातून येत नाही. वेखंड उगाळून चाटवणं थांबवा. जास्त झालं तर मुलं ओकतात, आणि शब्द काही त्यातून येत नाहीत. टीव्ही-मोबाईल: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय, कमी असेल तितका बरा. कार्टूनमुळे ऑटिझम होतो असं मी म्हणणार नाही, पण पडद्यासमोरचं मूल 'दे' म्हणत नाही, कारण न मागता सगळं येत राहतं. एकदम बंद करू नका. आधी जेवताना बंद करा, तिथे सगळ्यात जास्त शब्द असतात. 'क'ला 'त' म्हणतो, 'र' येत नाही, त्याची आत्ता चिंता नको. ते उच्चार नंतर पक्के होतात, 'र' तर बराच उशिरा. आत्ता प्रश्न शब्दांचा आहे, ते कसेही आले तरी चालतील.

पहिल्या भेटीला जाताना, कोणाकडेही गेलात तरी, तीन गोष्टी न्या. कानाचा रिपोर्ट. तो बोलतो त्या सगळ्या शब्दांची यादी, तो जसा उच्चारतो तशीच लिहिलेली, कोणत्याही भाषेतली. आणि मोबाईलवर घरातला दोन मिनिटांचा व्हिडिओ, नाश्ता करताना किंवा खेळताना, ज्यात कोणी त्याला 'बोल, बोल' म्हणत नाही. अनोळखी खोलीत मुलं गप्प होतात, व्हिडिओत खरा मुलगा दिसतो. आणि सासूबाईंना बरोबर न्या. आत खुर्ची एकच असेल, दुसरी मागून घ्या.